सुईची साक्ष

पाठीच्या वा मानेच्या जुनाट दुखण्यावर एपिड्यूरल स्टेरॉइड टोचण्यापासून मज्जातंतू उष्णतेने निकामी करण्यापर्यंत जे उपाय आज सर्रास केले जातात, त्यांच्याविरुद्ध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने फेब्रुवारी 2025 मध्ये प्रतिकूल अभिप्राय छापला आणि वेदनाचिकित्सकांच्या गोटात एकच गहजब उडाला, हे वाचकांना ठाऊकच आहे. या गदारोळात सुईचे दुसरे काम, म्हणजे दुखण्याचा उगम हुडकण्याचे काम, मात्र विस्मृतीत गेले. माझ्या मते खरी मेख तेथेच आहे.

एमआरआयच्या चित्रात मणक्यांची झीज दिसते, वेदना दिसत नाही. पाठीची कधी तक्रार न केलेल्या माणसाच्या चित्रातही तीच झीज सापडते. म्हणून कमरेच्या मणक्यांमागील लहान सांध्याकडे जाणाऱ्या दोन बारीक मज्जाशाखांपाशी, क्ष-किरणांच्या पडद्यावर नजर ठेवून, बधिरतेचे औषध अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी सोडायचे, मग रोग्याला वाकायला, उठायला-बसायला लावून दुखणे किती उतरले याची वेळेनिशी नोंद करायची, अशी रीत पडली. परंतु ऑस्ट्रेलियातील निकोलाय बोगडुक या साक्षेपी संशोधकाला ही एकतर्फी साक्ष पुरेशी वाटली नाही. बधिरतेच्या औषधांपैकी लिग्नोकेनचा अंमल लवकर ओसरतो, ब्युपिव्हकेनचा अधिक काळ टिकतो. तेव्हा दोन वेगळ्या दिवशी दोन औषधे देऊन साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी, हा त्यांचा आग्रह. 1994 साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 176 रुग्णांपैकी 83 जणांना पहिल्या सुईने आराम वाटला. दुसऱ्या सुईने त्यांपैकी अवघ्या 26 जणांच्या बाबतीत त्यावर शिक्कामोर्तब केले. उरलेल्यांचा आराम लबाडीचा होता असे नव्हे; आशेनेही दुखणे काही काळ खरोखरच शमते.

आता चिकित्सकांची फिर्याद अशी, की ज्या चाचण्यांच्या आधारे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील प्रतिकूल अभिप्राय दिला गेला त्यांत रुग्णांची निवडच ढिसाळ होती. फिर्याद बिनबुडाची नाही. पण एकाच सुईवर निदान उरकून लगोलग तंतू जाळायला निघणाऱ्याने ती करावी, हे मला अंमळ धाडसाचे वाटते. दुसऱ्या सुईस खर्च येतो, रोग्याची आणखी एक खेप होते, हे मान्य. तथापि ज्या उपचाराची सारी भिस्त निदानावर, त्याच्या निदानातच काटकसर करायची आणि मग पुराव्याची आकडेवारी प्रतिकूल निघाली म्हणून आकडेवारी मांडणाऱ्यावरच रोष धरायचा, हा न्याय अजब होय.