पात्राला ताऱ्याचं नाव देताय? आधी आभाळ बघा

कथेतल्या पात्रांना रोहिणी, चित्रा, स्वाती, अनुराधा ही नावं आपण सहज देतो. मला सगळ्यांत भावतं ते अगस्त्य. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषींचं नाव, आणि तेजात व्याधाखालोखाल दुसरा क्रमांक! फेब्रुवारीत रात्री नऊ-साडेनवाला मालवणच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून हात लांब धरा. क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजल्या की तो दिसतो. पुढे नैर्ऋत्येला समुद्राकडेच मावळतो. दर्यावर जाणाऱ्या नायकाला याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही.

जोडप्यासाठी वसिष्ठ-अरुंधती आहेतच. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला अगदी खेटून मंद अरुंधती.

एक चूक मात्र टाळा. मृगाच्या पावसात जन्मलेल्या मुलीच्या डोक्यावर त्या रात्री मृगाचे तारे चमकवू नका. पावसाचं नक्षत्र सूर्याचं असतं. ७-८ जूनला सूर्यच मृगात शिरतो, म्हणून ते तारे दिवसा वर असतात, सूर्याच्या उजेडात लपलेले. जन्मनक्षत्र चंद्राचं, ते साधारण रोज बदलतं. तेव्हा कथेतली तारीख पंचांगात बघा आणि मगच बारसं करा.