रॉबिन्स अँड लॉरेन्स : एका अल्पायुषी शस्त्रउद्योगाचा इतिहास आणि वारसा

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शस्त्रनिर्मितीचा विचार करताना कोल्ट, विंचेस्टर, स्मिथ अँड वेसन ही नावे प्रामुख्याने समोर येतात. व्हरमाँट राज्यातील विंडसर या लहानशा गावी उदयास आलेल्या 'रॉबिन्स अँड लॉरेन्स' या उद्योगाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. हा उद्योग जेमतेम एक दशक टिकला. तंत्रात अग्रेसर असलेला हा उद्योग आर्थिकदृष्ट्या का कोसळला आणि तो कोसळूनही त्याचे तंत्र कसे टिकून राहिले, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थापना :
रिचर्ड लॉरेन्स व निकॅनोर केंडॉल हे बंदुका घडविणारे कुशल कारागीर होते. सॅम्युअल रॉबिन्स हा व्यावसायिक होता. इ.स. १८४५ मध्ये या तिघांनी अमेरिकन शासनाला १८४१ च्या नमुन्याच्या १०,००० रायफली प्रत्येकी ११.९० डॉलर दराने पुरविण्याचा करार केला. त्यासाठी १८४६ मध्ये मिल ब्रूक या ओढ्याच्या काठी विटांचा कारखाना उभारण्यात आला. काम मुदतीपूर्वी पूर्ण झाले आणि आणखी १५,००० रायफलींची मागणी मिळाली. दरम्यान केंडॉल भागीदारीतून बाहेर पडला व उरलेल्या दोघांच्या नावाने उद्योग ओळखला जाऊ लागला.

उत्पादनपद्धती :
पारंपरिक पद्धतीत कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून दुसऱ्या भागाशी जुळवून घेत असे. त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीस बसेलच, याची शाश्वती नसे. याउलट विंडसर येथे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र, भाग ठरावीक स्थितीत घट्ट धरणारी साधने आणि माप तपासणारे गेज यांचा एकत्रित वापर केला जाई. परिणामी कोणत्याही रायफलीचा भाग दुसऱ्या रायफलीस बसू शके. ही कल्पना विंडसरमध्ये जन्मलेली नव्हती. जॉन हॉल याने हार्पर्स फेरी येथे व शासकीय स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराने ती आधीच विकसित केली होती. मात्र फ्रेडरिक हाऊ याच्यासारख्या यंत्ररचनाकारांच्या साहाय्याने या खाजगी उद्योगाने मिलिंग मशीन व टरेट लेथ यांत सुधारणा केल्या आणि ही यंत्रे विक्रीसाठीही बनविली. हेच त्याचे वेगळेपण होय.

इंग्लंडशी संबंध :
१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील महाप्रदर्शनात या उद्योगाने सहा रायफली मांडल्या. त्यांच्या भागांची अदलाबदल करता येते, हे पाहून ब्रिटिश तज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले. १८५४ मध्ये ब्रिटिश शासनाच्या समितीने अमेरिकेतील कारखान्यांची पाहणी केली आणि एनफील्ड येथील शस्त्रागारासाठी विंडसरहून शंभराहून अधिक यंत्रे मागविली. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात भारतीय वाचकांस परिचित असलेली एनफील्ड रायफल १८५३ च्या नमुन्याची होती. तोच नमुना यंत्रांवर तयार करण्यासाठी ही खरेदी होती.

ऱ्हासाची कारणे :
क्रिमियन युद्धाच्या काळात फॉक्स, हेंडरसन या ब्रिटिश कंपनीमार्फत २५,००० रायफलींचे काम उद्योगाने स्वीकारले. याच कंपनीने क्रिस्टल पॅलेस उभारला होता. पुढे आणखी ३,००,००० रायफलींची मागणी येईल, या आश्वासनावर विसंबून यंत्रसामग्रीवर मोठा खर्च करण्यात आला. काम मात्र लांबले. मार्च १८५६ मध्ये तह होऊन युद्ध संपले. अपेक्षित मागणी आलीच नाही. त्याच वर्षी फॉक्स, हेंडरसन कंपनीही बुडाली. तत्पूर्वी रेल्वेचे डबे बनविण्याच्या व्यवसायातही उद्योगास मोठा तोटा झाला होता. या सर्वांचा भार न पेलून उद्योग दिवाळखोरीत गेला. येथे तंत्राचा पराभव झाला नव्हता. हाती असलेला करार आणि मिळण्याची आशा असलेला करार यांतील भेद विस्मरणात गेला होता.

वारसा :
कारखाना बंद पडला तरी तेथे घडलेली माणसे अन्यत्र गेली. लॉरेन्सने हार्टफर्ड येथे शार्प्स रायफलींच्या कारखान्याची तांत्रिक जबाबदारी सांभाळली. हाऊ पुढे प्रॉव्हिडन्सला गेला व कालांतराने ब्राऊन अँड शार्प या यंत्रनिर्मात्या कंपनीत दाखल झाला. विंडसर येथे जेनिंग्ज रायफलीवर काम केलेल्या होरेस स्मिथ व बेंजामिन टायलर हेन्री यांच्या कार्यातून पुढे स्मिथ अँड वेसन व विंचेस्टर या परंपरा विकसित झाल्या. शिवणयंत्रे व सायकली बनविणाऱ्या उद्योगांनीही हीच उत्पादनपद्धती स्वीकारली. १८४६ ची ती इमारत आज यंत्रसाधनांचे संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

निष्कर्ष :
उद्योगाच्या इतिहासाचे मूल्यमापन केवळ नफा व आयुर्मान यांवरून करणे अपुरे ठरते. रॉबिन्स अँड लॉरेन्सचे ताळेबंद फसले. परंतु तेथील यंत्रे व कौशल्ये इतर उद्योगांची भांडवल ठरली. त्याचबरोबर, एकाच मोठ्या ग्राहकावर आणि युद्धकालीन मागणीवर विसंबलेला विस्तार किती धोक्याचा असतो, हेही या उदाहरणावरून स्पष्ट होते. अर्थशास्त्र, वाणिज्य व इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापनात हे उदाहरण म्हणूनच उपयुक्त ठरावे.