पोलादी पहिलवानांचा दुसरा डाव

नगरकराला कुस्ती कशी बघायची हे शिकवावं लागत नाही. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीचा आखाडा आपल्या वाडिया पार्कवर भरला, तेव्हाही जाणकारांची नजर पहिल्या पकडीवर होती. पाय कुठे रोवलाय, खांदा किती दबतोय, गडी दमात आहे का, सगळं तिथंच कळतं.

रोबोंच्या मारामारीचा नवा गेम, त्यातही गाजलेल्या गेमचा दुसरा भाग, असाच पारखावा. जाहिरातीत रोबो किती वाढले, रिंगणं किती वाढली याची यादी असते. पहिल्या लढतीत मात्र एकच गोष्ट बघायची: पोलादाचं वजन हाताला लागतं का? या एका कसोटीवर पोलादी पहिलवानांचे हे मजेदार किस्से. शेवट नगरलाच होतो, कारण खरं पोलाद आपल्याकडे आहे.

१. हॉलिवूडचा रोबो, गेम मात्र आपल्याकडचा

‘रिअल स्टील’ हा ह्यू जॅकमनचा सिनेमा ऑक्टोबर २०११ मध्ये आला. अ‍ॅटम, झ्यूस, नॉइझी बॉय हे त्यातले बॉक्सर रोबो पोरांनी डोक्यावर घेतले. त्यांचे मोबाइल गेम बाजारात आणले ते मुंबईच्या अनिल अंबानी समूहातल्या रिलायन्स गेम्सने. २०१३ चा ‘रिअल स्टील वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग’ जगभर कोट्यवधी फोनांवर उतरला. त्यात समोरच्याला हरवून त्याचा रोबोच आपल्या ताफ्यात आणायची सोय होती. पुढे ‘वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग २’ आला. तो उघडलात तर आधी किरकोळ रोबो घ्या, मग धिप्पाड घ्या, आणि दोघांच्या ठोशातला फरक अंगठ्याला जाणवतो का ते बघा. जाणवला तर दुसरा भाग पास.

२. गोष्ट सिनेमाच्या पन्नास वर्षं आधीची

‘रिअल स्टील’चं मूळ म्हणजे रिचर्ड मॅथिसन यांची ‘स्टील’ ही १९५६ ची कथा. १९६३ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेत तिच्यावर एक भाग झाला. माणसांच्या बॉक्सिंगवर बंदी आलेली, रिंगणात फक्त यंत्रं. मालकाचा जुना यंत्रबॉक्सर ऐन वेळी बिघडतो आणि पैशांची निकड असलेला मालक स्वतःच यंत्र असल्याचं भासवून रिंगणात उतरतो. समोर खरं यंत्र, इकडे हाडामांसाचा माणूस. पोलादाच्या वजनाची जाणीव याहून नेमकी कोणी करून दिली नसेल.

३. रोबोंचे वस्ताद

याच सिनेमासाठी बॉक्सिंगचा सल्ला द्यायला खुद्द शुगर रे लिओनार्ड होते, ऑलिंपिक सुवर्णपदक आणि व्यावसायिक बॉक्सिंगमधली जगज्जेतेपदं नावावर असलेले. काही दृश्यांसाठी पूर्ण उंचीचे रोबो प्रत्यक्ष बनवले गेले आणि हलणाऱ्या कलाकारांच्या अंगावरून रोबोंच्या हालचाली टिपल्या गेल्या. अ‍ॅटम ठोसा चुकवताना कमरेतून वाकतो तो म्हणूनच खरा वाटतो.

४. दर भागात नवा नंबर

‘टेकन’ खेळलेल्या प्रत्येकाला जॅक माहीत आहे. १९९४ च्या पहिल्या भागात तो नुसता ‘जॅक’. दुसऱ्यात जॅक-२, तिसऱ्यात गन जॅक, चौथ्यात गैरहजर, मग जॅक-५, जॅक-६, जॅक-७. २६ जानेवारी २०२४ ला आलेल्या ‘टेकन ८’मध्ये जॅक-८. बाकीचे खेळाडू भागागणिक वयाने वाढतात. जॅकचं थेट नवं मॉडेल निघतं. जॅक-४ मधल्या मधे हरवलेला नाही: तो ‘टेकन ५’च्या सुरुवातीला, झुंडीने हल्ला करायला येतो.

जॅकचा एक डाव जवळून बघण्यासारखा आहे. तो हात गरागरा फिरवून दम साठवतो आणि मग ठोसा सोडतो. जितके फेरे जास्त, तितका दणका मोठा. पण फेरे चालू असताना समोरच्याला मोकळं रान. भारी मालाची किंमत वेळात मोजावी लागते, हा हिशेब या एका ठोशात सामावला आहे.

५. गाजावाजा मोठा, रोबो एकच

१९९४ चा ‘राइज ऑफ द रोबोट्स’ दिसायला चकचकीत होता. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचं नाव जाहिरातीत झळकत होतं. खेळायला बसलं की मात्र एकट्या खेळाडूला एकच निळा रोबो मिळायचा, आणि समोरच्यावरून उडी मारून पलीकडे गेलात तर वळून मारताही येत नसे. १९९६ च्या दुसऱ्या भागाने, ‘राइज २: रिझरेक्शन’ने, निवडीला भरपूर रोबो दिले. तोवर लोकांचा विश्वास उडालेला होता. पहिल्या भागाची पत दुसऱ्याला पुरते, तसंच पहिल्याचं कर्जही दुसऱ्यालाच फेडावं लागतं.

६. कराटेवाले गेले, रोबो आले

१९९४ चाच, डॉसवरचा ‘वन मस्ट फॉल: २०९७’ आजही चाहते काढून खेळतात. त्याच्या आधीच्या चाचणी आवृत्तीत चक्क दोन कराटेपटू होते. रोबो नंतर आले. रोबो आणि त्याला चालवणारा माणूस वेगवेगळा निवडायचा, कमावलेल्या पैशांतून रोबो सुधारायचा, अशी त्याची मजा. १९९९ मध्ये निर्मात्यांनी तो फुकट खुला केला. २००३ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स’ हा पुढचा भाग त्रिमितीत आला, पण जुन्याची नेमकी पकड त्याला साधली नाही. गेम सपाट पडद्यावरून खोल मैदानात गेला की ठोशाचं अंतर बदलतं, आणि अंतर बदललं की सगळा डावच बदलतो.

७. दहा वर्षांनी आला आणि पहिल्याच फेरीत लोळवलं

अलीकडच्या काळात पहिल्या भेटीतच छाप पाडणारा पुढचा भाग म्हणजे ‘आर्मर्ड कोर ६: फायर्स ऑफ रुबिकॉन’. मालिका १९९७ ची, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरची. आधीचा भाग २०१३ चा. सहावा उजाडला तो २५ ऑगस्ट २०२३ ला. पहिल्याच मोहिमेच्या शेवटी एक अवाढव्य हेलिकॉप्टर समोर येतं आणि नवखे तिथंच गारद होतात. पुढचा बाल्टियस नावाचा शत्रू तर इतका कडक निघाला, की सप्टेंबरमध्ये कंपनीने दुरुस्ती काढून त्याला थोडा नरम केला.

दिग्दर्शक मासारू यामामुरा हे आधी ‘सेकिरो’ या तलवारबाजीच्या गेमचे मुख्य रचनाकार. त्या गेममध्ये समोरच्याचा तोल मोडायचा आणि मग घाव घालायचा. तीच नजर इथं आली. मारा चालू ठेवला की शत्रूचा तोल सुटतो, तो क्षणभर गोठतो, आणि तेवढ्यात सगळ्यात जड शस्त्र चालवायचं.

खरी गंमत मात्र गॅरेजमध्ये आहे. डोकं, धड, हात, पाय वेगवेगळे जोडायचे. दोन हातांत आणि दोन खांद्यांवर मिळून चार शस्त्रं. पाय किती वजन पेलतील याची मर्यादा ठरलेली. पाय दोन घ्या, चार घ्या, उलट्या गुडघ्याचे घ्या, नाही तर सरळ रणगाड्याचे पट्टे लावा! पट्टेवाला रोबो भलतं वजन उचलतो, पण चपळाई सोडून द्यायची.

८. दोन दांडे

सेगाचा ‘व्हर्च्युअल-ऑन’ १९९५ मध्ये गेम पार्लरमध्ये आला, ‘ओराटोरिओ टँग्राम’ हा त्याचा पुढचा भाग १९९८ मध्ये. दोन्हींत खेळाडूच्या हातात दोन दांडे. दोन्ही पुढे ढकला, रोबो पुढे. एक पुढे, एक मागे, रोबो जागेवर वळतो. दोन्ही बाहेर ताणा, उडी. दुसऱ्या भागाने नवी यंत्रं, नवे डाव दिले, दांड्यांना मात्र धक्का लावला नाही. जे हातात बसलंय ते मोडायचं नाही, हे शहाणपण प्रत्येक दुसऱ्या भागाने घ्यावं.

आता खरी गोष्ट. शर्मन किंवा टी-५५ सारखा रणगाडाही चालक दोन दांड्यांनीच वळवतो. डावा दांडा ओढला की डावा पट्टा मंदावतो, उजवा पुढे धावतो आणि सगळं धूड डावीकडे वळतं.

९. खरी झुंज, खरा दुसरा भाग

२०१५ मध्ये अमेरिकेच्या मेगाबॉट्सने जपानच्या सुइदोबाशीला आव्हान दिलं: माणूस आत बसून चालवायचे महाकाय रोबो, समोरासमोर. २०१७ मध्ये जपानमधल्या एका बंद पोलाद कारखान्यात ही झुंज झाली. अमेरिकेचा मार्क २, ‘आयर्न ग्लोरी’, जपानच्या कुराटासच्या पहिल्याच ठोशात आडवा. मग उतरला मार्क ३, ‘ईगल प्राइम’, वजन सुमारे १२ टन, हातात साखळी करवत. त्याने कुराटासला नमवलं. पुढच्या आवृत्तीने मागच्या आवृत्तीचा हिशेब चुकता केला, तोही प्रत्यक्षात.

१०. नगरचं पोलाद

आपल्या रणगाडा संग्रहालयाला १९९४ मध्ये सुरुवात झाली. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलचं हे संग्रहालय आशियातलं अशा प्रकारचं एकमेव म्हणून ओळखलं जातं. गेमच्या चाहत्याने इथं जायलाच हवं, कारण इथं भागांवर भाग उभे आहेत. अमेरिकेच्या पॅटन घराण्यात एम-४६ नंतर एम-४७, मग एम-४८. १९६५ च्या युद्धात खेमकरणला आपल्या जवानांनी पॅटनांचा धुव्वा उडवला, तेव्हा नव्या आकड्यापेक्षा चालवणारा भारी, हे जगाने पाहिलं.

आपलंही घराणं आहे. चेन्नईजवळच्या आवडी इथं तयार झालेला विजयंता सुमारे ३९ टनांचा. त्यापुढचा अर्जुन ५८ टनांच्या वर. अर्जुनचा सुधारित मार्क-१ए १४ फेब्रुवारी २०२१ ला चेन्नईत सैन्याकडे सुपूर्द झाला, तो ६८ टनांच्या घरात. दर भागात चिलखत वाढलं, वजनही वाढलं. मारा, चिलखत, चाल: तिन्ही एकदम वाढवता येत नाहीत. ‘आर्मर्ड कोर’च्या गॅरेजमध्ये जो पेच पोरांना पडतो, तोच रणगाडा बनवणाऱ्या अभियंत्यांना पडतो.

११. के. के. रेंजवरचा नेम

गेममध्ये शत्रूवर आपोआप नेम धरला जातो. २२ सप्टेंबर २०२० ला नगरच्या के. के. रेंजवर अर्जुनच्या तोफेतून लेझरने दिशा मिळणारं रणगाडाभेदी क्षेपणास्त्र सुटलं आणि ३ किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं. पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबरला, दुसरी चाचणी झाली, लक्ष्य आणखी दूर. हे क्षेपणास्त्र घडवण्यात पुण्याच्या एआरडीई आणि एचईएमआरएल या संस्थांचा हात. त्याचा स्फोट दोन टप्प्यांत होतो: पहिला स्फोट शत्रूच्या रणगाड्यावरचं स्फोटक कवच उडवतो, दुसरा आतलं पोलाद फोडतो. कोणत्याही गेमच्या खास डावाला लाजवेल अशी ही करामत आपल्या उंबऱ्यावर घडली.

निकाल

पोलादी पहिलवानांचा दुसरा भाग पारखायचा तर तीन गोष्टी बघा. जड रोबो जड वाटतो का? ताकद वाढवली की त्या बदल्यात काही सोडावं लागतं का? आणि पहिल्या भागात हाताला जे बसलं होतं ते शाबूत आहे का? तिन्हींना होकार असेल तर बिनधास्त घ्या. आणि पोरांनो, पुढच्या रविवारी फोन खिशात ठेवून टँक म्युझियमला एक चक्कर माराच, आईवडिलांनाही सोबत न्या. खऱ्या पट्ट्यांशेजारी उभं राहिलात की पोलादाचं वजन काय असतं ते कळेल, आणि मग कोणत्याही गेमचा खरेखोटेपणा तुम्ही पहिल्या फेरीतच ओळखाल.