सह्याद्रीची शिखरे आणि डोंगरातले पाणी

सह्याद्रीची दोन चित्रे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. एकात आषाढातला डोंगर असतो. माथा ढगांत बुडालेला आणि प्रत्येक घळीतून पांढरी धार कोसळत असलेली. दुसऱ्या चित्रात वैशाखातली पायवाट असते, तळ गाठलेली विहीर असते आणि डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रिया असतात. ही दोन्ही चित्रे पुष्कळदा एकाच गावाची असतात. इतका पाऊस झेलणारा डोंगर सहा-सात महिन्यांत तहानलेला कसा होतो, हे कोडे मुलांना घेऊन डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि सुट्टीत गडकोटांकडे वळणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. डोंगरातला आनंद आणि डोंगरातला धोका हे दोन्ही पाण्याशीच जोडलेले आहेत.

तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या या पर्वताला भूगोलात पश्चिम घाट म्हणतात. २०१२ साली त्यातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आपल्याकडील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही त्यांपैकीच. सर्वोच्च शिखर अनैमुडी, २६९५ मीटर, ते केरळात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर म्हणजे अकोले आणि इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवरील कळसूबाई. तिची उंची १६४६ मीटर. बागलाणातील साल्हेर १५६७ मीटरचा असून राज्यातील सर्वांत उंच किल्ला तोच. आकडे एवढे पुरेत. उंचीने आपला सह्याद्री हिमालयापुढे ठेंगणाच. त्याचे वैशिष्ट्य आहे ते पश्चिमेच्या बाजूला एकाएकी तुटलेल्या कड्यांत.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. पायांखाली अर्धवर्तुळाकार, आतल्या बाजूला वळलेला कडा आणि खाली कोकणाचा सखल प्रदेश. हा कडा म्हणजे पाण्याची वाटणी करणारी धारही आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब ओढ्यानाल्यांतून थोड्याच दिवसांत अरबी समुद्राला मिळतो. हाकेच्या अंतरावर पूर्वेला पडलेला थेंब मुळा, प्रवरा, गोदावरी असा प्रवास करीत सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. समुद्रावरून आलेले ढग हा कडा चढताना थंड होतात आणि आपला बहुतेक भार येथेच रिता करतात. म्हणून घाटमाथ्यावरील घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि त्याच अकोले तालुक्याच्या पूर्व भागात मात्र शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो.

मग एवढे पाणी जाते कुठे? याचे उत्तर खडकात आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला आहे. दुरून डोंगर पाहिला तर त्याच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात, ते हे थर. त्यांतील घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते फटींतून, भेगांतून वाट काढते. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. वरून झिरपलेले पाणी तेथे अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गावकऱ्यांचे जिवंत पाणी ते हेच. परंतु उतार तीव्र, माती पातळ आणि झाडी तुटलेली असेल तर मुरायला पाण्याला अवधीच मिळत नाही. सारा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा पडल्या पावली खाली धावतो. हा डोंगर पाणी देतो खूप, राखून ठेवतो थोडे.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. ज्या घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही, त्यातच खड्डा कोरला तर साठलेले पाणी गळूनही जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत लेणी कोरली जात होती तेव्हा विहारासोबत पाण्याचे टाके कोरले जात असे. भिक्खूंचा वर्षावास पावसाळ्यातला असला तरी लेणी वर्षभर वापरात राहायची, तर उन्हाळ्याचे पाणी हवेच. जुन्नर आणि कान्हेरी येथील ब्राह्मी लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ हा शब्द आहे, आणि पोढी कोरवून देणे हे लेणे कोरवून देण्याइतकेच नोंदविण्याजोगे दान मानले जाई. भाजे येथे महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने दिलेल्या टाक्याचा लेख आजही तेथे आहे. लेणी पाहायला जाणारी आपली मंडळी चैत्यगृहापुढे थांबतात, स्तूपाला वंदन करतात आणि बाजूच्या टाक्याकडे न पाहताच परततात. पुढच्या वेळी अवश्य पाहावे. कातळाच्या उतारावर कोरलेल्या बारीक चरांतून पावसाचे पाणी टाक्यापर्यंत कसे आणले आहे, हे लक्षपूर्वक पाहिले तर मुलांना जलव्यवस्थापनाचा वेगळा धडा शिकवावा लागत नाही.

हीच विद्या पुढे किल्ल्यांवर गेली. गडावर टाकी नसतील तर गड लढविता येत नाही. अलंग आणि कुलंग यांच्या माथ्यावर एका रांगेत कोरलेली टाकी आहेत, साल्हेरवर गंगासागर तलाव आहे, हरिश्चंद्रगडाच्या मंदिरापाशी पुष्करणी आहे. टाक्यांतही प्रकार आहेत. उघडे टाके उन्हाने आटते आणि शेवाळते. कातळाच्या पोटात खांब राखून कोरलेल्या खांबटाक्यात सावली असते, म्हणून त्यातले पाणी उशिरापर्यंत टिकते आणि गार राहते. कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याचे आणि कोणते केवळ गुरांचे, हे गडाखालच्या गावातला मेंढपाळ जितके अचूक सांगेल तितके कोणतेही पुस्तक सांगणार नाही.

आधुनिक काळाने डोंगरातले पाणी अडविले ते मोठ्या धरणांनी. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. वैतरणा, तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. मात्र ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तेथील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी उतारावरून खालच्या धरणात जाते, वरच्या पाड्यापर्यंत ते चढवायला वीज लागते, नळ लागतो आणि इच्छाशक्ती लागते. यांतले नेमके काय कमी पडते, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

आता भटकंतीविषयी. वर्षासहलीची ओढ आपल्याकडे एवढी वाढली आहे की डोंगर म्हणजे धबधबा, असेच पुष्कळांना वाटते. माझे मत वेगळे आहे. लहान मुलांसह डोंगर पाहायचा तर पाऊस ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. हवा स्वच्छ असते, झरे वाहते असतात, टाकी भरलेली असतात, वाट निसरडी नसते. कळसूबाईला बारी गावातून वाट आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सकाळी लवकर निघालेल्या, चालण्याची सवय असलेल्या शाळकरी मुलांना ती झेपते. फेब्रुवारीनंतर माणशी तीन ते चार लिटर पाणी पाठीवर असल्याशिवाय कोणताही मोठा चढ चढू नये. टाक्यातले पाणी घेतलेच तर गाळून आणि उकळून किंवा जंतुनाशक थेंब टाकून प्यावे. टाक्यात पाय बुडवू नयेत, भांडी धुऊ नयेत. साबणाचे पाणी एकदा त्यात गेले की पुढच्या पावसापर्यंत ते तेथेच राहते, कारण टाक्याला वाहून जायला वाट नसते.

पावसाळ्यात जायचेच असेल तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे सहलीला आलेली साधी माणसे होती. वर सांगितलेला खडकाचा स्वभाव येथे जिवावर उठतो. पाणी मुरत नसल्याने वरच्या पठारावर पडलेली जोराची सर थोड्या मिनिटांत खालच्या ओढ्यात उतरते, आणि आपण उभे असतो तेथे कदाचित पाऊसही नसतो. पाणी अचानक गढूळ होणे, काड्या-पाचोळा वाहून येऊ लागणे, वरून घरघर ऐकू येणे, यांपैकी काहीही जाणवताच मुलांना घेऊन काठ सोडावा. चपला आणि पिशव्या तेथेच राहू द्याव्यात. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाचाही तोल घालवते. साम्रदजवळील सांदण दरीसारख्या अरुंद घळीत तर पळायला बाजूच नसते, म्हणून पावसाळ्यात तेथे उतरूच नये.

मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा परिसरात काजवे पाहायला गर्दी लोटते. पहिल्या पावसाआधीच्या अंधाऱ्या रात्री हिरड्या-बेहड्यांची झाडे लुकलुकू लागतात. दृश्य विलक्षण असते, यात शंका नाही. पण तेच दिवस या गावांच्या विहिरी सर्वांत खोल गेल्याचे असतात. वस्तीला उतरलेले पाहुणे सकाळी आंघोळीला बादलीभर गरम पाणी मागतात, आणि यजमानीण नाही म्हणत नाही. तिने ते पाणी किती लांबून आणले, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. तेव्हा त्या हंगामात जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी घरून न्यावे, आंघोळ परतल्यावर करावी, जेवण मात्र गावातल्याच घरी घ्यावे आणि वाटाड्याही गावातलाच घ्यावा. मोटारीचे दिवे गावाबाहेरच बंद करून पुढे पायी चालावे, कारण काजव्यांना प्रकाश सोसत नाही.