चाकांवरचे घर आणि गावचे पाणी

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. निजण्या-रांधण्याची सोय असलेले हे चाकांवरचे घर घेऊन जो सीमेपलीकडे कलबुर्गी-बिदरकडे जाईल, त्याने त्या भूमीचा स्वभाव आधी जाणून घ्यावा.

कलबुर्गीची जमीन काळी. पावसात तीत जड गाडी रुतते. म्हणून मुक्काम मुरमाड जागी, शेतधन्याची अनुमती घेऊन करावा. सुगीत मळणीसाठी रस्त्यावर तूर पसरलेली असल्यास गाडी बाजूने न्यावी. वाळला पाला गाडीच्या तापलेल्या भागात अडकून पेट घेऊ शकतो.

बिदरचे पठार मात्र सच्छिद्र जांभ्याचे. वर पडलेले पाणी त्यात मुरते. हा गुण ओळखूनच 15 व्या शतकात नौबाद येथे ‘करेझ’ ही भूमिगत नहर खोदली गेली. तीवरील उभ्या विवरांतून पाणी शेंदले जाई. अशा माळावर शौचाच्या टाकीतील वा मोरीचे पाणी ओतणाऱ्यास वाटते, आपण ते निर्जन स्थळी टाकले. वास्तविक ते झिरपत कोणाच्या तरी आडात उतरते. म्हणून टाक्या शहरातील मलनिस्सारणाच्या ठिकाणी, विचारूनच रिकाम्या कराव्यात. प्रवासी सकाळी निघून जातो. गावाला मात्र तेच पाणी प्यावयाचे असते.