सक्तीचा गणवेश आणि लक्झेंबर्गचा संप

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासग्रंथांत लक्झेंबर्ग या अवघ्या तीन लाख वस्तीच्या देशाच्या वाट्याला बहुधा एखाददुसरा परिच्छेदच येतो. परंतु परचक्राखाली सापडलेली रयत जेत्याच्या लष्करभरतीला नकार कशी देते, आणि त्या नकाराचे मोल कोणाकोणाला मोजावे लागते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने या चिमुकल्या देशाच्या १९४२ सालाकडे अवश्य वळावे.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा देशात शिरल्या, ग्रँड डचेस शार्लोट व तिचे मंत्रिमंडळ परागंदा झाले आणि लवकरच मुलकी कारभाराची सूत्रे गुस्ताव सिमोन या नाझी अंमलदाराच्या हाती गेली. जिंकलेल्या प्रदेशातील प्रजेला तिच्याच देशाविरुद्धच्या युद्धात राबविण्यास १९०७ च्या हेग येथील नियमांची स्पष्ट मनाई होती. म्हणून ही प्रजा परकी नसून मूळची जर्मनच आहे, असे आधी कागदोपत्री सिद्ध करणे सिमोनला सोयीचे होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याने खानेसुमारी काढली, आणि तिच्या तक्त्यात राष्ट्रीयत्व, मातृभाषा व वंश असे तीन रकाने घातले. गुप्त पत्रके हातोहात फिरली, आणि तिन्ही रकान्यांत 'लक्झेंबर्गी' हे एकच उत्तर लिहिण्याचा लोकांचा निर्धार इतका उघड झाला की, सरकारला ती गणना गुंडाळावी लागली. भरतीविरुद्धचा लढा खरोखर येथेच सुरू झाला, कारण माणूस पलटणीत उभा राहण्यापूर्वी दप्तरात उभा केला जातो.

दप्तराने जे साधले नाही ते सिमोनने ३० ऑगस्ट १९४२ रोजी फर्मान काढून साधले: १९२० ते १९२४ या सालांत जन्मलेल्या तरुणांना त्याने जर्मन सैन्यात दाखल होण्याचा हुकूम दिला, आणि त्याबरोबरच जर्मन नागरिकत्वही त्यांच्या माथी मारले. दुसऱ्याच दिवशी सकाळी उत्तरेकडील विल्ट्स या गावी चामड्याच्या कारखान्यातील कामगार बाहेर पडले; त्याच संध्याकाळी दक्षिणेत शिफ्लांज येथील पोलाद कारखान्यात हान्स आडाम या कामगाराने भोंगा वाजविला, आणि पाळीचे लोक काम टाकून निघाले. शिक्षकांनी वर्ग सोडले, विद्यार्थी त्यांत मिळाले. सरकारने लष्करी कायदा पुकारला, तातडीची न्यायालये बसविली आणि एकवीस जणांना देहदंड फर्माविला. त्यांतील वीस जणांना हिन्झर्ट छावणीजवळ गोळ्या घालण्यात आल्या. आडाम हा जन्माने जर्मन, त्याचा कलोन येथे शिरच्छेद झाला.

या संपाचे खरे महत्त्व असे की, ज्यांनी तो केला त्यांतील पुष्कळांना भरतीचे बोलावणे आलेलेच नव्हते. चाळिशी उलटलेला कामगार, गावचा शिक्षक, टपाल कचेरीतील कारकून यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपले प्राण पणाला लावले. संप चिरडला गेला आणि भरती सुरूच राहिली. पुढे तिची मर्यादा १९२७ सालच्या जन्मापर्यंत वाढली आणि सुमारे दहा हजार तरुण गणवेशात कोंबले गेले. मुलगा फरारी झाला तर त्याच्या कुटुंबाची मिळकत जप्त होई आणि आईबापांची रवानगी पूर्वेकडील छावण्यांत होई. ज्याने निमूटपणे बंदूक खांद्यावर घेतली त्याला भित्रा म्हणताना ही गोष्ट ध्यानात घेणे न्यायाला धरून होईल. तरीही सुमारे साडेतीन हजारांनी हजर होण्याचे नाकारले किंवा पलटणीतून पळ काढला. त्यांना शेतकऱ्यांनी माळ्यावर आणि कोठारांत दडविले. निडरकॉर्न येथील लोखंडाच्या खाणीच्या बोगद्यात तर शंभराहून अधिक तरुण लपून राहिले. शिधा मोजून मिळण्याच्या त्या काळात त्यांना अन्न पुरविणे म्हणजे कोणीतरी आपल्या ताटातला घास काढून देणे होते, आणि तसे देणाऱ्यांच्या मौनावरच त्या तरुणांचे प्राण अवलंबून होते.

जे गेले त्यांतील सुमारे अठ्ठावीसशे परतले नाहीत. काही रशियन आघाडीवर पडले, तर काही जर्मन गणवेशात सापडल्यामुळे तांबोव्हच्या रशियन छावणीत शत्रू म्हणूनच मेले. हुकूम मोडणाऱ्यांपैकी ९१ जणांना जानेवारी १९४५ च्या अखेरीस झोनेनबुर्गच्या तुरुंगात इतर शेकडो बंदिवानांसह गोळ्या घालण्यात आल्या.

अशा इतिहासातून यशाचा हिशेब मांडू गेल्यास हाती थोडेच लागते, कारण संपाने एकही पलटण थांबविली नाही. परंतु जेत्याला या प्रजेची संमती मिळाली, असे म्हणण्याची सोय मात्र त्याने कायमची नष्ट केली. तरुणाने एकट्याने दिलेला नकार ही त्याची शौर्यकथा ठरते. त्याच्यामागे कारखाना, शाळा आणि शेत उभे राहिले म्हणजे तोच नकार राष्ट्राचा होतो, आणि पुढच्या पिढ्यांना शिकविण्याजोगे लक्झेंबर्गजवळ जे काही आहे ते हेच आहे.