साखर समजावून सांगणारी सिस्टर

गोंदिया जिल्हा धानाचा. सकाळ-संध्याकाळ ताटात भात, पाहुणा आला की गोड चहा. अशा घरात कुणाला 'शुगर' निघाली की डॉक्टर गोळी लिहून देतात. पण भात किती खायचा, सुई कुठे टोचायची, रोजा ठेवायचा की नाही, हे निवांत विचारायला रांगेत सवड नसते. हे शिकवण्याचे काम मधुमेहाचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेचे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. एवढ्यांना एकटे डॉक्टर कसे पुरणार?

आम्ही शिक्षक जाणतो, एकदा सांगितले म्हणजे शिकवले असे होत नाही. ही सिस्टरही रुग्णाकडून करवून घेते. इन्सुलिनची सुई रोज एकाच जागी टोचू नये. इन्सुलिन बर्फाच्या खणात ठेवू नये. फ्रीज नसेल तर ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही असे ठेवावे. रोज रात्री तळपाय पाहावेत, कारण नसा बधिर झाल्या की रोवणीच्या चिखलात रुतलेला काटाही कळत नाही, आणि पुढे पाय गमावण्याची पाळी येते.

रमजानमध्ये तर तिची गरज अधिकच. काही जण कुणाला न विचारता औषध बंद करतात. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून सहरी-इफ्तारच्या मात्रा ठरवून घ्याव्यात. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा. कमी झाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. वाढली असेल तर दवाखाना गाठावा. कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे: बरे झाल्यावर कजा, कधीच जमणार नसेल तर फिदिया. ही सवलत घेतल्याने ईमान कमी होत नाही.

पोटावर सुई कुठे टोचायची, हे परपुरुषाला विचारायला आपल्या बायका संकोचतात. म्हणून आपल्या मुलींनी या कामात यावे. बारावीनंतर जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. मधुमेहाचे प्रशिक्षण त्यानंतर घेता येते. उर्दू आणि मराठी दोन्ही बोलणारी सिस्टर समोर बसली, तर खाला आणि नानी मनातले विचारतील.

तोवर घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी आरोग्य केंद्रात तपासून घ्या. तपासणी मोफत आहे.